खरेदीच्या टेबलापलीकडून : सवलत हक्काची, दर आपला

गेल्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की केंद्र सरकारच्या खरेदीत लहान उद्योगांचा वाटा ठरवून दिलेला आहे. त्यावर एवढी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकलावे लागले. बहुतेक पत्रांचा सूर एकच : हे आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नाही.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी केंद्राच्या एका आस्थापनेच्या खरेदी विभागातून निवृत्त झाले. टेंडर उघडणाऱ्या समितीत बसायचे. भोसरी, चाकण, हडपसर, धायरी असे चहूबाजूंनी कारखाने असलेल्या या शहरात आमच्याकडे भाव भरणारी नावं मात्र तीच ती. लहान माणूस फिरकायचाच नाही, आणि फिरकला तर एखाद्या कागदापायी पहिल्याच फेरीत बाद व्हायचा. मला ते तेव्हाही लागायचं आणि आजही लागतं. म्हणून ही सगळी जागा या पत्रांना. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, धायरीला माझं शिवणकामाचं युनिट आहे. नऊ मशिन, सात बायका. शाळांचे गणवेश आणि दोन खासगी हॉस्पिटलच्या चादरी शिवतो. आता ससून किंवा कमांड हॉस्पिटलला चादरी द्यायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू? एका एजंटाने उद्यम नोंदणीचे साडेचार हजार सांगितलेत. आणि महिलांना ३ टक्के राखीव आहेत, म्हणजे मला टेंडर मिळेलच ना?

उत्तर : त्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची केंद्र सरकारकडची नोंद, फुकट आहे. जुलै २०२० पासून ती आधार क्रमांकावर होते, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतो. आधार, पॅन आणि जीएसटी असेल तर तो नंबर घेऊन बसा, तासाभरात काम होतं. एकच रकाना जपून भरा. तुमचा उद्योग 'उत्पादन' म्हणून नोंदवा आणि चादरी, गणवेश यांचे कोड नीट शोधून निवडा. घाईत 'व्यापार' नोंदला गेला, तर चादर तुमच्या मशिनवर शिवलेली असली तरी कागदोपत्री तुम्ही घेऊन विकणाऱ्या ठरता, आणि खरेदीतल्या या सवलती व्यापाऱ्याला मिळत नाहीत.

ससून आणि कमांड हॉस्पिटल तुम्ही एका दमात लिहिलंत. कागदाच्या दृष्टीने ही दोन निराळी दारं आहेत. वानवडीचं कमांड हॉस्पिटल संरक्षण खात्याचं, म्हणजे केंद्राचं. तिथे सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा २०१२ चा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश लागतो आणि खरेदी मुख्यतः 'जेम'वर, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसवर होते. ससून राज्य सरकारचं. राज्याची खरेदी राज्याच्या नियमांनी चालते आणि तिथली टेंडरं 'महाटेंडर्स'वर बघायची, त्यासाठी डिजिटल सही काढून ठेवायची. पुणे महापालिका आणि पिंपरी-चिंचवड महापालिकाही केंद्राच्या त्या आदेशाखाली येत नाहीत. एका दारातली सवलत दुसऱ्या दारात गृहीत धरू नका. त्या त्या टेंडरमध्ये काय लिहिलंय तेच खरं.

आता ते ३ टक्के. २०१२ च्या आदेशाने केंद्राच्या खात्यांना आणि सरकारी कंपन्यांना वर्षाच्या खरेदीतला २० टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायला सांगितला, त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. नोव्हेंबर २०१८ मध्ये २० चे २५ झाले आणि त्यांतले ३ टक्के महिला उद्योजकांसाठी ठरले. हा त्या खात्याच्या वर्षभराच्या खरेदीचा हिशेब आहे. तुमच्या चादरींच्या टेंडरमधून ३ टक्के चादरी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या नसतात. शिवाय झाडू, ब्रश, बादल्या अशा ३५८ वस्तूंची एक यादी आहे, त्या फक्त सूक्ष्म-लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या. तुम्ही शिवता त्यातलं काही तिथे बसतं का ते एकदा नजरेखालून घाला.

तुमच्या खऱ्या उपयोगाची तरतूद वेगळीच आहे आणि ती फारच थोड्या जणींना माहीत असते. समजा ४००० चादरींचं टेंडर आहे. सर्वांत कमी भाव एका मोठ्या कंपनीने भरला, ३०० रुपये. तुमचा भाव ३३८. एरवी तुम्ही बाहेर. पण ३०० वर १५ टक्के म्हणजे ३४५, आणि तुम्ही त्याच्या आत आहात. मग तुम्हाला विचारलं जातं, ३०० ला देता का? हो म्हणालात तर २५ टक्क्यांपर्यंत माल, इथे १०००, तुमच्याकडून घेता येतो. त्या पट्ट्यात तुमच्यासारखे आणखी कुणी असतील तर हा वाटा त्यांच्यात विभागला जातो.

इथेच बायका फसतात. विचारणा आली की आनंदाने हो म्हणून टाकतात. टेंडर भरायच्या आधीच तळाचा आकडा वहीत लिहून ठेवा. जीएसटी बाजूला ठेवून नमुन्यादाखल मांडते. कापड अडीच मीटर, ८२ रुपये दराने २०५. शिलाई २२. दोरा आणि लेबल ४. इस्त्री, घडी, पॅकिंग ९. टेम्पो ८. झाले २४८. शंभरातल्या तीन चादरी परत येतील असं धरून ७ वाढवा, २५५. कापडाचे पैसे आज गेले आणि बिल तीन महिन्यांनी निघालं, तर बँकेच्या १२ टक्क्यांनी आणखी ८, म्हणजे २६३. भाडं, वीज, हिशेबनिसाचा वाटा १८. तुमचा तळ २८१. म्हणजे ३०० ला हो म्हणा, चादरीमागे १९ रुपये सुटतात. तोच सर्वांत कमी भाव २७५ चा निघाला असता तर नम्रपणे नाही कळवायचं. नाही म्हटल्याने कुणी काळ्या यादीत टाकत नाही. हो म्हणून माल दिला नाही तर मात्र टाकतात. आणि जेमवर भरायचा आकडा हा जीएसटी, वाहतूक सगळं धरून असतो. हे न बघता उघडा दर भरून पस्तावलेली माणसं मी पाहिली आहेत.

बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, उद्यमवाल्या उत्पादकांना माफ असते. टेंडरच्या अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के एवढी ती असते, तेवढे पैसे अडकायचे वाचतात. पण काम मिळाल्यावरची सुरक्षा अनामत माफ नसते. टेंडरमध्ये मागितली असेल तर ती भरावीच लागते, सर्वसाधारणपणे ३ ते ५ टक्के. तुमच्या ३ लाखांच्या कामावर ३ टक्क्यांनी ९ हजार. शिवाय कराराची रक्कम अडीच लाखांच्या वर गेली की सरकारी खातं बिलातून २ टक्के जीएसटीचा टीडीएस कापतं. तो तुमच्या खात्यावर जमा दिसतो, बुडत नाही, पण हातात उशिरा येतो. हे दोन्ही आकडे खेळत्या भांडवलात धरा.

भावाइतकीच डोळ्यांत तेल घालून वाचायची ती स्पेसिफिकेशन. हॉस्पिटलच्या चादरीला लांबी-रुंदी, इंचामागे धागे, चौरस मीटरला वजन आणि धुतल्यावर किती आटावी हे सगळं लिहिलेलं असतं. एका लॉटची तपासणी मला अजून आठवते. चादरी देखण्या होत्या, शिलाई सरळ. स्टोअरमध्ये त्यातल्या काही काढल्या, धुऊन वाळवल्या आणि टेबलावर अंथरून टेप लावला. लांबीत चार बोटं कमी भरली. कापड आधी आटवून घेतलेलं नव्हतं. सगळा लॉट गाडीत घालून परत गेला, आणि भाडं पुरवठादारालाच पडलं. तुम्ही कापडाचा ठोक माल घ्याल तेव्हा दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका. मीटरभर कापड घरी धुवा, वाळवा, मोजा, आणि तेवढं वाढवून कापा.

सुरुवात मोठ्या टेंडरने करू नका. जेमवर लहान रकमेची खरेदी कार्यालयं थेट करतात. खडकी, पाषाण, खडकवासला, कुठे ना कुठे केंद्राचं कार्यालय, प्रयोगशाळा किंवा संस्था आहेच. पडदे, टेबलाची कव्हरं, ॲप्रन अशा किरकोळ ऑर्डर दोन-तीन घ्या. माल पोचल्यावर १० दिवसांत स्वीकृतीचा दाखला आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे, असा जेमचा नियम आहे. तुमच्या खरेदीदाराकडे तो पाळला जातो का, ते लहान ऑर्डरवरच कळू दे.

प्रश्न : मॅडम, माझं वय २७. भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशिन, आणि दोन लेथ आहेत. वडील एका कंपनीत हेल्पर होते. मी मोठ्या कंपनीच्या व्हेंडरच्या व्हेंडरचं जॉबवर्क करतो. आता संरक्षण प्रयोगशाळांची कामं थेट घ्यायची आहेत. मित्र म्हणतो, अनुसूचित जातीचा दाखला जोड, ४ टक्के आहेत. वडील म्हणतात, जोडू नकोस, काम बघायच्या आधी लोक जात बघतील. काय करू?

उत्तर : तुझं वय माझ्या धाकट्या भाच्याएवढं, म्हणून अरे-तुरे करते.

वडिलांचं म्हणणं उडवून लावू नकोस. त्यांनी कारखान्यात आयुष्य काढलंय, आडनाव ऐकून बदलणारे चेहरे त्यांनी पाहिलेत. त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे. तरीही माझं उत्तर स्पष्ट आहे : दाखला जोड.

ऑनलाइन टेंडरमध्ये तुझी उद्यम नोंदणी आणि सामाजिक प्रवर्ग हे एका रकान्यात असतात. समिती तो रकाना सवलत लागू आहे की नाही एवढ्यासाठी बघते. तुझा जॉब पास की फेल हे तपासणीच्या खोलीत ठरतं, आणि मायक्रोमीटरला आडनाव वाचता येत नाही. दुसरं असं, की ते ४ टक्के देशभरात अपुरेच राहत आले आहेत. खरेदी विभागांना वर्षअखेर त्याचा जाब द्यावा लागतो. चांगलं काम देणारा अनुसूचित जातीचा उद्योजक त्यांना हवा असतो आणि तो सापडत नाही, कारण तुझ्यासारखे दाखला ड्रॉवरमध्ये ठेवून तिसऱ्या पायरीवर जॉबवर्क करत राहतात. हा वाटा कुणाच्या मेहरबानीचा नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या भांडवल, जमीन, ओळखी यांपासून लांब ठेवलं गेलं, त्यांच्यासाठी तो धोरणात लिहिला गेला आहे. तो तुझा आहे.

एकटा पडू नकोस. दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, ही संस्था आपल्याच पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी सुरू केली. तिथे तुझ्यासारख्याच गाळ्यातून सुरुवात केलेली माणसं भेटतील, त्यांना तुझ्या वडिलांची भीती समजावून सांगावी लागणार नाही. केंद्राचं राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब २०१६ पासून आहे, ते राष्ट्रीय लघुउद्योग निगम, म्हणजे एनएसआयसी चालवतं. मालाच्या चाचणीचं शुल्क, बँक गॅरंटीचे चार्जेस यांचा परतावा, टेंडर भरायचं प्रशिक्षण अशी मदत तिथून मिळते. आज कोणती योजना चालू आहे ते तिथे जाऊनच विचार.

एक अट पक्की ध्यानात ठेव. प्रोप्रायटरशिप असेल तर तू मालक, प्रश्न मिटला. उद्या भागीदार घेतलास किंवा प्रायव्हेट लिमिटेड केलीस तर किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींकडे राहायला हवा. मशिनसाठी पैसे देतो म्हणून कुणी निम्मी भागीदारी मागेल, तेव्हा हा आकडा आठव.

आता कामाचं. भोसरीहून दिघी अगदी जवळ, पाषाणही लांब नाही. दोन्हीकडे डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत. जेमवरची बिड, म्हणजे निविदा, उघडलीस की पहिल्याच पानावर एक ओळ असते : अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून सूक्ष्म-लघु उद्योगांना सूट, येस किंवा नो. ही सूट द्यायची की नाही हे खरेदीदार ठरवतो, म्हणून प्रत्येक बिडमध्ये ती ओळ आधी बघ. 'नो' असेल आणि तुझी उलाढाल बसत नसेल, तर तिथे रात्र घालवू नकोस. पुढची उघड.

प्रयोगशाळांना नग थोडे लागतात, कधी पाच, कधी बारा, पण टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, कडक असतो. ऑटो कंपन्यांच्या हजारांच्या लॉटची सवय असणारे मोठे व्हेंडर अशा कामाकडे वळत नाहीत. तिथे तुला जागा आहे. मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट, एनएबीएल (चाचणी प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबचा रिपोर्ट आणि प्रत्येक मापाचा तपासणी तक्ता न मागता जोडत जा. पहिला जॉब असा दे की स्टोअरच्या माणसाला फोन करावा लागणार नाही.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं हाउसकीपिंगचं काँट्रॅक्ट असतं. आता ते माझ्या नावाने फर्म काढायची म्हणतात, महिला म्हणून फायदा मिळेल. मला फक्त सह्या करायच्या आहेत. काही धोका आहे का? (कोथरूड)

उत्तर : आहे, आणि तो सगळा तुमच्या एकटीच्या माथी आहे.

प्रोप्रायटरशिपमध्ये फर्म आणि तुम्ही कायद्याने वेगळ्या नसता. कामगारांचा पीएफ भरला नाही, ईएसआय थकली, किमान वेतनापेक्षा कमी दिलं, तर नोटीस तुमच्या नावे येते आणि वसुली तुमच्या खात्यावर, तुमच्या घरावर येते. मालकी नावापुरती आहे असं उघडकीला आलं तर खोटी माहिती दिल्याबद्दल फर्मला खरेदीतून बाद करतात, आणि मग पुढे तुम्हाला स्वतःला खरंच काही करायचं झालं तर तो डाग तुमच्या पॅनवर असतो. यात आणखी एका बाईचं नुकसान होतं. धायरीच्या त्या ताई वरच्या पत्रात तळाचा आकडा काढत बसल्या आहेत, त्यांच्या वाट्याचं काम अशा कागदी मालकिणी घेऊन जातात. मला याचा मनापासून राग येतो.

पण दार बंद करून घेऊ नका. मिस्टरांना सांगा, फर्म माझ्या नावाने काढायची तर मी चालवणार. बँकेचं खातं तुमच्या एकटीच्या सहीने, हजेरीपट तुमच्या हातात, पगार तुम्ही करणार, साइटवर तुम्ही जाणार. वर्षभर त्यांच्या हाताखाली काम शिका, मग फर्म काढा. त्यांना हे पटलं नाही तर सही करू नका.

प्रश्न : पिंपरीत आमचं रबर मोल्डिंगचं लहान युनिट आहे. एका मोठ्या कंपनीला माल देतो. पीओवर, म्हणजे खरेदी ऑर्डरवर, ९० दिवस लिहिलंय, पैसे १२० दिवसांनी येतात. कायदा ४५ दिवस म्हणतो असं ऐकलं. तक्रार केली तर काम जाईल. गिऱ्हाईक एकच आहे.

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे मुदत नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. पीओवर ९० छापलं म्हणून ते कायद्यापेक्षा मोठं होत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असंच धरलं जातं. तेव्हा गेटवरचा शिक्का मारलेलं चलान जपून ठेवा, पुढचं सगळं त्या तारखेवर उभं राहतं.

शेवटचा रस्ता म्हणजे ऑनलाइन अर्ज करून सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे, जाणं. परिषदेचा निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्याला दात आहेत. पण गिऱ्हाईक एकच असताना तिथून सुरुवात करा असं मी सांगणार नाही. तुमची भीती खरी आहे.

त्याआधीचा रस्ता वापरा. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराच्या कलम ४३बी मध्ये एक पोटकलम आलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल कायद्याच्या मुदतीत दिलं नाही आणि ते वर्षअखेरीला थकलेलं असेल, तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळेल. म्हणजे तुमचं थकलेलं बिल त्यांचा कर वाढवतं. परचेसच्या माणसाला याचं काही नसतं, अकाउंट्सला असतं. म्हणून पत्र अकाउंट्सला लिहा, परचेसला प्रत द्या. भाषा साधी : 'आमचा उद्यम क्रमांक अमुक, वर्ग सूक्ष्म, व्यवसाय उत्पादन. कृपया आपल्या व्हेंडर मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या यादीत) नोंद करावी. सोबत प्रमाणपत्र.' पैशाचा, कायद्याचा उल्लेखसुद्धा करू नका. जानेवारीतच पाठवा. मार्चमध्ये त्यांचे ऑडिटर अशा पुरवठादारांची यादी मागतात, तेव्हा तुमचं नाव त्यात असलं पाहिजे. शिवाय प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. नोंदणी माल द्यायच्या आधीची हवी, नंतर काढलेल्या कागदावर वाद होतात.

दुसरा उपाय ट्रेड्सचा. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारे हे ऑनलाइन मंच आहेत, आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट अशी त्यांची नावं. कंपनीने तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडं व्याज कापून पैसे काही दिवसांत तुमच्या खात्यात येतात. मुदतीला कंपनीने बँकेचे पैसे बुडवले तरी बँक तुमच्या मागे येत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना इथे नोंदणी सक्तीची आहे. बिल मान्य करणं मात्र अजून त्यांच्या मर्जीवर आहे, आणि मला विचाराल तर कायद्यातली ही पळवाट बुजवायला हवी. तरी मागा. कंपनीला यात फारसं काही जास्त पडत नाही, त्यामुळे नाही म्हणायला त्यांना कारण शोधावं लागतं.

आणि दुसरं गिऱ्हाईक शोधा. कंपनी पैसे लांबवते, कारण तुम्हाला जायला जागा नाही हे तिला ठाऊक आहे. उत्पादनातला १० टक्के माल जरी दुसरीकडे जायला लागला, तरी तुमचं फोनवरचं बोलणं बदलेल.

प्रश्न : आमचा वारज्याचा बचत गट लाडू-चिवडा करतो. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीला दिवाळीचे बॉक्स द्यायचे होते. त्यांनी व्हेंडर कोड (पुरवठादाराला कंपनी देते तो क्रमांक), जीएसटी, आणि 'विमेन-ओन्ड' असल्याचं सर्टिफिकेट मागितलं. आम्ही घाबरून सोडून दिलं.

उत्तर : सोडायला नको होतं, पण पुढची दिवाळी आहेच.

कंपन्या हे का विचारतात ते समजून घ्या, म्हणजे भीती जाईल. शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना सेबीच्या नियमाने दरवर्षी एक जबाबदारी अहवाल द्यावा लागतो. आपण किती माल थेट लहान उत्पादकांकडून घेतला, हा त्यात एक प्रश्न आहे. वंचित गटांकडून खरेदीला प्राधान्य देण्याचं तुमचं धोरण आहे का, असंही विचारलेलं आहे. काही परदेशी कंपन्यांत तर महिलांच्या आणि अल्पसंख्य गटांच्या उद्योगांकडून खरेदी करायची उद्दिष्टं असतात. त्यांना तुमचं नाव त्या रकान्यात लिहायचं असतं, आणि त्यासाठी कागद लागतो.

परदेशी कंपन्या बहुधा 'वीकनेक्ट इंटरनॅशनल'चं प्रमाणपत्र मानतात. त्यात किमान ५१ टक्के मालकी, कारभार आणि निर्णय बायकांच्या हाती असल्याची खात्री करून घेतात. एका दिवाळीच्या ऑर्डरसाठी त्यामागे धावू नका. आधी उद्यम आणि अन्न परवाना. बॉक्सवर परवाना क्रमांक, घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, शाकाहारी खूण, हे सगळं छापलेलं हवं. हाताने लिहिलेली चिठ्ठी कंपनीत चालत नाही. शेंगदाणा, काजू, गहू, दूध यांचा उल्लेख वेगळा करा, ॲलर्जीबद्दल कंपन्या विचारतातच.

आणि वेळ. दिवाळीच्या बॉक्सचे निर्णय ऑगस्टमध्ये होतात. गणपतीनंतर गेलात तर उरलेलं मिळेल. जुलैत एचआर किंवा ॲडमिनला सॅम्पल नेऊन द्या, व्हेंडर कोडचा फॉर्म तेव्हाच भरा, कारण तो निघायलाच कित्येकदा महिना जातो. मोठ्या ऑर्डरवर निम्मा ॲडव्हान्स मागा. तूप, डाळ, काजू उधारीवर आणून गटाच्या बायकांना महिनोन्‌महिने थांबवू नका. मार्चएंडपर्यंत सरकारी ऑर्डरही बघायच्या असतील तर जेमवर महिला उद्योजकांसाठी २०१९ पासून 'वुमनिया' उपक्रम आहे, आणि बचत गटांच्या मालासाठी 'सरस कलेक्शन'. त्याबद्दल चौकशी करा.

प्रश्न : आमचं टेंडर तांत्रिक छाननीत बाद झालं. कारण एका ओळीत, 'कागदपत्रं अपुरी'. आता काय? (हडपसर)

उत्तर : कोणता कागद, ते लगेच पोर्टलवरूनच लेखी विचारा. बाद ठरवल्याला आव्हान द्यायची सोय असते, पण मुदत फार थोडी असते आणि दरांची पाकिटं उघडली की उपयोग संपतो. म्हणून टेंडर भरल्यावर रोज सकाळी एकदा लॉगिन करायचं. खरेदीदाराने मागितलेला खुलासाही तिथेच येतो, आणि तो न बघितल्यामुळेच अर्धी टेंडरं बाद होतात, असा माझा समितीतला अनुभव आहे. मुदत गेली असेल तर माहिती अधिकारात छाननीचा तक्ता मागवा. त्यात तुमच्या नावापुढे नेमका कुठला रकाना रिकामा होता ते दिसेल. बहुतेकदा ते शपथपत्राच्या नमुन्यातलं एखादं पान असतं, किंवा स्थानिक उत्पादनाच्या टक्केवारीचा दाखला. तो कागद आजच तयार करून फाइलला लावा. तशाच मालाचं पुढचं टेंडर त्याच कार्यालयातून पुन्हा निघतं, आणि अटी बहुधा त्याच असतात.